ब्रोन्यामावशींच्या उंबऱ्यावरचा पहारा

गुरुवारी संध्याकाळी रेडिओवर बातमी आली, आणि ती पुरती संपायच्या आत झेलिग रस्ता ओलांडून नफ्ताली गुरफाइनच्या सोड्याच्या टपरीवर येऊन उभा राहिला.

"एक रास्पबेरी दे," तो म्हणाला. "आणि गॅस जरा जास्त सोड. आजपासून आपण व्याही."

आता हा झेलिग कोण, तर सत्तेतल्या पक्षाचा वस्तीतला माणूस. कामगार संघटनेच्या कचेरीत बसायचा, सभासदांची लाल पुस्तकं द्यायचा. ज्याच्या खिशात लाल पुस्तक त्याला काम, ज्याच्या नाही त्यानं वारा खावा. नफ्तालीनं वारा खाल्ला. तो विरोधी पक्षाच्या शाखेचा चिटणीस. लाल पुस्तकाला हात लावण्यापेक्षा त्यानं टपरी टाकली आणि फुस्स-फुस्स करत सोडा विकला. दोघांची घरं समोरासमोर, पण झेलिगनं कधी त्याच्याकडचं पाणी प्यायलं नाही, आणि नफ्तालीनं झेलिगच्या लोकांच्या सहकारी दुकानातून साधं मीठ आणलं नाही. बायको कुरकुरली तर म्हणायचा, "अळणी खा. अळणी खाऊन कुणी मेलेलं मी तरी पाहिलं नाही."

आणि आता रेडिओ सांगत होता की नफ्तालीचा नेता, ज्याला त्या लोकांनी इतकी वर्षं दाराशी उभं केलं नव्हतं, तो त्यांच्याच मंत्रिमंडळात जाऊन बसला. लढाई तोंडावर आलेली. दक्षिणेला वाळवंटात शत्रूची फौज, तिच्यासमोर आपली माणसं, आणि वस्तीत उरले म्हातारे, बायका आणि पोरं. बागेत खंदक खणलेले, मोटारींच्या दिव्यांना निळा रंग फासलेला. अशा वेळी सगळ्यांनी एक व्हावं हे नफ्तालीलाही कळत होतं. कळत कसलं, शाखेत तोच घसा फोडून ओरडत होता, एक व्हा, एक व्हा म्हणून! पण एक होणं म्हणजे झेलिगला रास्पबेरी घालून देणं, हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्यानं ग्लास भरून पुढं सरकवला. झेलिगनं घटाघटा रिकामा केला.

"गोड आहे रे! उगाच इतकी वर्षं तहानलेला राहिलो."

नफ्तालीनं रिकामा ग्लास उचलला. ग्लास विसळताना त्याला आपल्याच हाताची लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी शाखेत मुख्य कचेरीचा माणूस आला. चकचकीत बूट, घाईत. पक्ष सरकारात गेल्याचं त्यानं सांगितलं, तेव्हा काहींनी टाळ्या वाजवल्या, काही मूग गिळून बसले. जाताजाता त्या माणसानं नफ्तालीला बाजूला घेतलं.

"यंदा समुद्रावरचा कार्यक्रम नको. जुन्या जखमा कशाला उकरायच्या? त्या आजींना तुम्ही समजावून सांगा. तुमचं ऐकतात म्हणे."

त्या आजी म्हणजे ब्रोन्यामावशी.

देश स्थापन झाला त्या पहिल्याच उन्हाळ्यात नफ्तालीच्या पक्षाच्या लोकांनी हत्यारांनी भरलेलं एक जहाज आणलं होतं. नव्या सरकारनं, म्हणजे झेलिगच्या पक्षानं, सांगितलं, हत्यारं आमच्या हाती द्या. ह्यांनी सांगितलं, देत नाही. मग किनाऱ्यावर ज्यूंनी ज्यूंवर गोळ्या झाडल्या आणि जहाज पेटलं. ब्रोन्यामावशींचा थोरला, एलकाना, त्यात गेला. नफ्तालीच्या मांडीवर गेला. त्याच दिवसापासून नफ्ताली डावा पाय ओढत चालतो. आणि मावशींचा धाकटा, गिदोन, त्या दिवशी सरकारच्या फौजेत होता, त्याच किनाऱ्यावर.

"मी मागच्या रस्त्यावर होतो, गोळी झाडली नाही," तो म्हणाला होता. भावाच्या सात दिवसांच्या सुतकात तो आईजवळ जमिनीवर बसायला आला, तेव्हा नफ्ताली कुबडी टेकून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "त्या किनाऱ्यावर जो उभा होता, तो ह्या उंबऱ्याच्या आत येणार नाही." भरल्या घरात म्हणाला. आतून कुणी काही बोललं नाही. गिदोननं भावाचं सुतक कुठं बसून पाळलं कोण जाणे.

तेव्हापासून तो शाखेचा नियमच झाला. शाखेनंही मावशींना कधी उघडं पडू दिलं नाही. नळ गळला तर शाखेचा माणूस, रॉकेल हवं तर शाखेचा माणूस, आजारपणात शाखेच्या बायका पाळीनं उशाशी. दरवर्षी जहाजाच्या स्मृतिदिनी समुद्रावर पहिल्या रांगेत मधली खुर्ची मावशींची, आणि माइकवरून, "वीरमाता!" वर्षादोनवर्षांनी गिदोन यायचा, दार वाजवायचा, आणि नफ्ताली नाहीतर नफ्तालीनं बसवलेलं कुणीतरी तेच एक वाक्य त्याला ऐकवायचं. नफ्तालीला त्या वाक्याचा अभिमान होता. त्याच्यापाशी दुसरं होतं काय? सोड्याची टपरी आणि ते वाक्य.

"मग जा आणि सांग त्यांना," शुक्रवारी जेवताना त्याची बायको फ्रूमा म्हणाली. "सांग, ज्यांनी तुमचा पोरगा मारला त्यांच्याशेजारी आमचा नेता खुर्ची टाकून बसला. आणि तुमचा दुसरा पोरगा मात्र मी उगाचच हाकलत होतो."

"उगाचच नाही."

"मग कशासाठी?"

"तू मासा वाढ," नफ्ताली म्हणाला.

शनिवारी तो गेला, पण ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातला. काखेत जुने पेपर आणि हातात खळीचं पातेलं घेऊन गेला. बॉम्ब पडला तर काचा उडू नयेत म्हणून खिडक्यांवर पट्ट्या चिकटवायच्या होत्या. शब्बाथ होता, कामाला हात न लावायचा दिवस, पण जीव वाचवायचं काम शब्बाथलाही चालतं.

मावशी स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, बारीक, केस रुमालात घट्ट बांधलेले.

"काय म्हणतोय पक्ष?" त्यांनी विचारलं.

"चाललंय, मावशी."

"बरं चाललंय ना?"

"बरंच म्हणायचं."

रेडिओ त्यांच्या फळीवरच होता. त्यांनी बातमी ऐकली असेल की नाही, ह्याचा नफ्तालीनं फार विचार केला नाही. विचार केला असता तर बोलावं लागलं असतं. त्यानं काचेवर खळ लावायला घेतली. आधी ही खिडकी होऊ दे, मग सांगू. ती झाली, मग म्हणाला, आता ती दुसरी होऊ दे.

दुसरी अर्धी झाली आणि दार वाजलं.

हाताला खळ तशीच, नफ्तालीनं जाऊन दार उघडलं. बाहेर गिदोन. अंगावर राखीव दलाचा मळका गणवेश, भुवयांपर्यंत वाळवंटाची धूळ, चाळिशीतला टक्कल पडू लागलेला माणूस. एका दिवसाची रजा मिळाली होती. त्या शनिवारी हजारोंना मिळाली. समुद्रावर पोरं पोहत होती, जणू लढाईबिढाई काही नाहीच. गिदोनची बायकामुलं हैफ्याला. तिथं जाऊन संध्याकाळपर्यंत परत येणं जमलं नसतं असं नाही. पण तो इथं आला होता.

"नफ्ताली," तो म्हणाला. हसला सुद्धा थोडासा. "रेडिओ ऐकलास ना? आता तरी?"

आता इथं माणसानं काय करावं? बाजूला व्हावं. पातेलं खाली ठेवावं, खळीचे हात विजारीला पुसावेत आणि बाजूला व्हावं. नफ्तालीलाही तेच करायचं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण जित्याची खोड! त्याचा हात आपोआप चौकटीवर गेला, पाय आपोआप उंबऱ्यावर रोवला गेला, आणि तोंडातून, शब्द न् शब्द, कानामात्रेचा फरक न होता बाहेर पडलं, "त्या किनाऱ्यावर जो उभा होता, तो ह्या उंबऱ्याच्या आत येणार नाही."

म्हणून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं.

गिदोननं वाद घातला नाही. ओरडला असता तर फार बरं झालं असतं. त्यानं टोपी डोक्यावर चढवली. "आईला सांग..." म्हणाला, आणि थांबला. "नको. काही नको सांगू." जिन्यावरून त्याच्या बुटांचा आवाज खाली खाली जात राहिला, आणि नफ्ताली तोंड उघडं टाकून तिथंच उभा. हाक मारावी एवढं अंतर होतं. त्यानं मारली नाही. दार लावून घेतलं.

"कोण होतं रे?" आतून मावशींनी विचारलं.

"झेलिग. खिडक्यांना काळे पडदे लावा म्हणून सांगत फिरतोय."

"अस्सं," मावशी म्हणाल्या.

उरलेल्या पट्ट्या वाकड्यातिकड्या चिकटल्या. नफ्तालीला कधी एकदा तिथून बाहेर पडतो असं झालं होतं.

घरी येऊन त्यानं फ्रूमाला सगळं सांगितलं. सांगितल्याशिवाय राहवेना. ऐकता ऐकता फ्रूमानं हातातलं भांडं खाली आपटलं.

"अरे माणसा," ती म्हणाली, "तुझ्या नेत्याला लाज नाही वाटली त्यांच्यात जाऊन बसायला, कारण देशावर वेळ आलीय. बरोबर केलं त्यानं! आणि तू? पहारेकरी! राजवाडा उठून गेला, तरी दारात हा उभा, भाला घेऊन! तो पोरगा परवा मेला तर?"

"गप्प बस, फ्रूमा."

"मी गप्प बसते. तू ऊठ."

सैनिकांच्या बस स्टेडियमजवळून सुटायच्या. शब्बाथमुळे गावातल्या बस बंद. नफ्तालीचा सोडा वाहायचा टेम्पो फौजेनं नेलेला. वस्तीत स्कूटर उरली होती एकच, झेलिगची, आणि तिच्यावर मंत्र्याच्या थाटात बसून तो खंदक तपासत फिरायचा. नफ्तालीनं रस्ता ओलांडला. झेलिगच्या दारात तो जन्मात कधी गेला नव्हता.

"मला स्टेडियमपर्यंत सोड."

झेलिगनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. काहीतरी खवचट बोलायला त्याचं तोंड उघडलंही होतं, पण नफ्तालीचा चेहरा बघून त्यानं ते मिटलं. "बस मागं," म्हणाला. "पाय सांभाळ."

झेलिगच्या पोटाला मिठी मारून नफ्ताली गुरफाइन अख्ख्या वस्तीतून गेला. शाखेतले दोघं कोपऱ्यावर उभे होते, त्यांनी पाहिलं. पाहू देत, त्याला वाटलं.

स्टेडियमबाहेर ही गर्दी. बायका डबे देतायत, पोरं बापाच्या मानेला लटकलेली, सगळे एकमेकांना सांगतायत की काही होणार नाही. गिदोन तिसऱ्या बसमध्ये खिडकीशी सापडला. नफ्ताली पाय ओढत खिडकीखाली गेला.

"गिदोन, उतर. झेलिगची स्कूटर आहे. दहा मिनिटांत घरी नेतो, परत आणून सोडतो."

गिदोन वरून बघत राहिला. "आईनं पाठवलं तुला?"

हो म्हणायचं होतं फक्त. एक शब्द, आणि पोरगा उतरला असता. पण सकाळी एक खोटं बोलून नफ्तालीचं तोंड कडू झालं होतं, दुसरं त्याच्यानं बोलवेना.

"नाही. तिला माहीतच नाही तू आलास ते. मी आलोय. माझी चूक झाली, गिदोन. आजची आणि... सगळीच."

"तुझी एकट्याची नाही," गिदोन म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "दारात तू उभा असायचास, पण दार तिचं होतं. आतून तिनं एकदा नुसती हाक मारली असती, तर तू मला काय अडवणार होतास, लंगड्या? मी एवढी वर्षं तुझं वाक्य ऐकायला येत नव्हतो. तिची हाक ऐकायला येत होतो."

ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. नफ्तालीला खिडकीला हात लावावासा वाटला, पण खिडकी उंच होती.

"तिला विचार," गिदोन ओरडला. "तिला हवं असेल, तर पुढच्या रजेला येईन!"

परतताना झेलिगनं स्कूटर हळू चालवली. वस्तीत शिरल्यावर एवढंच म्हणाला, "माझा धाकटाही तिकडंच आहे, वाळवंटात."

रविवारी नफ्ताली मावशींकडे गेला नाही. टपरीवर गर्दी आहे म्हणाला. गर्दी कसली, वस्तीत माणसंच नव्हती. त्याला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही, हे खरं. सोमवारी सकाळी मात्र फ्रूमानं टपरीची किल्ली काढून घेतली आणि त्याला दाराबाहेर घातलं.

मावशी लिंबू पिळलेला चहा पीत होत्या. त्यांनी त्यालाही ग्लास दिला. नफ्ताली बसला नाही. उभ्यानंच, खाली बघत, एका दमात बोलून गेला, "मावशी, शनिवारी दारात झेलिग नव्हता. गिदोन होता. मी त्याला घालवला. पक्ष सरकारात गेला, नियम उरला नाही, तरी घालवला. मग बसपर्यंत धावलो, पण तो उतरला नाही. तुम्ही बोलावलंत तर पुढच्या रजेला येतो म्हणाला."

मावशींनी ग्लास खाली ठेवला.

"मला माहीत आहे तो होता ते," त्या म्हणाल्या. "पोटच्या पोराचा आवाज मला कळत नाही होय? जिन्यावर होता तेव्हाच पायरव ओळखला."

नफ्तालीनं वर पाहिलं. "मग हाक का नाही मारलीत?"

"तोंडात आली होती रे." त्यांनी खरोखरच ओठांना हात लावून दाखवला. "गुरुवारी बातमी ऐकली, तेव्हापासून वाट बघत होते. वाटलं, नफ्ताली येईल आणि सांगेल, मावशी, आता चालेल. तू आलास, खिडक्या चिकटवत बसलास, बोलला नाहीस. म्हटलं, म्हणजे अजून चालत नसेल. मग तो आला, आणि तू ते नेहमीचं म्हणालास. म्हटलं, बघ, चालतच नाही. तुम्ही लोकांनी इतकं केलंत माझं, तुमच्या शब्दाबाहेर कशी जाऊ?"

नफ्तालीला वाटलं, मावशींनी आपल्या थोबाडीत मारावी. पण त्या टोमणा मारत नव्हत्या. अगदी साधेपणानं सांगत होत्या, एखाद्यानं रांगेत नंबर का लागला नाही ते सांगावं तसं. आणि त्यांनाही लाज वाटत होती. त्यांची मान खाली होती.

तेवढ्यात भोंगा झाला.

पहिल्यांदा दोघांनाही कळलं नाही. मग जिन्यात दारं धडाधड वाजू लागली आणि कुणीतरी ओरडलं, "सुरू झालं! सुरू झालं!" नफ्तालीनं मावशींना दंडाला धरलं आणि पायऱ्या उतरवत तळघरात नेलं. पुढच्या रजेचं दोघांपैकी कुणी बोललं नाही.

तळघरात सगळी इमारत दाटीवाटीनं बसली होती. आजूबाजूचेही आले होते. डोक्यावर लोखंडी टोपी घालून झेलिग दाराशी, फ्रूमा शेजारणीचं पोर मांडीवर घेऊन. ट्रान्झिस्टर खरखरत होता, कळत काहीच नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या येमेनी बाईंनी स्तोत्रांचं पुस्तक उघडलं आणि म्हणाल्या, "नावं सांगा. सगळ्यांसाठी म्हणू."

आमच्याकडे कुणाच्या जिवासाठी मागायचं तर बापाचं नाव लावत नाहीत. अमका, अमकीचा मुलगा, असं म्हणावं लागतं. आईच्या नावाशिवाय ती प्रार्थना होतच नाही. एकेकीनं नावं सांगायला सुरुवात केली. अव्शालोम, माझ्लीचा मुलगा. एफ्राइम, हिंदाचा मुलगा. झेलिगनं टोपी काढून धाकट्याचं नाव सांगितलं, बायकोच्या नावासकट. बाई प्रत्येक नावाला मान हलवून पुढं सरकत होत्या. सरकत सरकत ब्रोन्यामावशींपाशी आल्या.

"तुमचं कुणी आहे का तिकडं, आजी?"

तळघरातल्या बहुतेकांना वाटलं, ह्यांचं तिकडं कुणी नसणार. वीरमातेचा मुलगा कधीच गेलेला.

मावशींनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग त्यांनी मान वळवली, चार माणसं ओलांडून नफ्तालीकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "घेऊ का रे नाव?"

वर कुठंतरी विमानं गेली. तळघरात सगळे नफ्तालीकडे बघत होते; फ्रूमा बघत होती, टोपी हातात धरून झेलिग बघत होता. त्याला ओरडून सांगायचं होतं की मला काय विचारता, मी कोण, मी सोडा विकणारा माणूस आहे, तुमच्या पोटचा आहे तो! पण मावशी उत्तराची वाट बघत होत्या, आणि उत्तर मिळाल्याशिवाय त्या नाव घेणार नाहीत, हे त्याला दिसत होतं.

"घ्या, मावशी," तो म्हणाला. आणि म्हणताना आपण आत्तासुद्धा परवानगीच देतोय, हे कळून त्याला इतकी लाज वाटली की त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"गिदोन," त्याच्या पाठीमागं मावशी म्हणाल्या. "ब्रोन्याचा मुलगा."

येमेनी बाईंनी मान हलवली आणि पुढच्या बाईला नाव विचारलं.